सूक्ष्मशैवालातील तेल आणि पाण्याचा हिशेब
(स्वागताध्यक्षीय भाषण, तेरखेडा)



सूक्ष्मशैवालातील तेल आणि त्यापासूनचे जैवइंधन या विषयावरील परिषदेसाठी तेरखेड्यात आलेल्या सर्व प्रतिनिधींचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते. बालाघाटच्या डोंगररांगेतील हे गाव तेरणेच्या उगमाचे आणि फटाक्यांच्या कारखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. याच नदीच्या काठी पुढे प्राचीन तगर, म्हणजे आजचे तेर, वसले. मात्र शेजारच्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आणि अशा मुलखात पाण्यातले पीक घेण्याची भाषा करायची तर हिशेब आधी मांडावा लागतो.

सूक्ष्मशैवाल म्हणजे साध्या डोळ्यांनी एकेकटे न दिसणारे, बहुधा एकपेशीय असे जीव, जे सूर्यप्रकाश, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या बळावर प्रकाशसंश्लेषण करतात. विहिरीच्या कडेला किंवा पाझर तलावात पाणी हिरवे दिसते, ते अनेकदा त्यांच्यामुळेच. मराठवाड्यातील शैवालांच्या नोंदी शैवाल-अभ्यासक एन. डी. कामत यांनी १९७० च्या दशकातच प्रसिद्ध केल्या होत्या, त्यामुळे येथल्या पाण्याची या जीवांशी ओळख नवी नाही. क्लोरेला, सेनेडेस्मस, नॅनोक्लोरोप्सिस अशा प्रजातींना नायट्रोजन कमी पडू दिला की त्यांची वाढ मंदावते आणि पेशीत मेद साठू लागतो. म्हणजे तेल वाढवावे तर पीक घटते आणि पीक वाढवावे तर तेल घटते, हा पेच या विषयाच्या मुळाशीच आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ या काळात यावर मोठा कार्यक्रम चालवला आणि खर्च न परवडल्याने आवरता घेतला. पुढे २००९ मध्ये एक्सॉनमोबिलसारखी बलाढ्य तेल कंपनी उतरली आणि दशकाहून अधिक काळाने तिनेही हात आखडता घेतला. भारतात भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने समुद्री शैवालापासून बायोडिझेल करून दाखवले आहे. तेल निघते, याविषयी वाद उरलेला नाही. वाद आहे तो ते काढण्याच्या खर्चाचा.

करडई घाण्यात घालावी आणि तेल गाळून घ्यावे, इतके हे काम सोपे नाही. उथळ, वीस-तीस सेंटिमीटर खोलीच्या, चाकाने पाणी फिरते ठेवलेल्या कुंडात १ लिटर पाण्यामागे जेमतेम अर्धा ते १ ग्रॅम कोरडे शैवाल मिळते. पाव भाग तेल धरले तर १ लिटर तेलासाठी साडेतीन-चार किलो कोरडे शैवाल लागते, म्हणजे किमान साडेतीन-चार हजार लिटर पाणी उपसून, गाळून पुन्हा कुंडात सोडावे लागते. तुरटीसारखा पदार्थ टाकून पेशींचे पुंजके खाली बसवणे आणि मग वेगाने फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजमधून ते घट्ट करणे, एवढे सोपस्कार केल्यावरही जो लगदा हाती येतो, त्यात १ किलो कोरड्या भागामागे सुमारे ४ किलो पाणी शिल्लक असते. हे पाणी उष्णतेने उडवायचे तर ९ ते १० मेगाज्यूल ऊर्जा खर्च होते, आणि त्या किलोभर शैवालातून मिळणाऱ्या पाव किलो तेलात ऊर्जा असते तीही जवळपास तेवढीच. मिळवले ते सारे वाळवण्यातच गेले, असा हा व्यवहार ठरतो. म्हणूनच उन्हात वाळवणे, ओल्या लगद्यातूनच तेल काढणे किंवा तो लगदा पाण्यासह सुमारे ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला प्रचंड दाबाखाली ठेवून त्याचे कच्चे तेल करणे, या वाटा शोधल्या जात आहेत. ओल्या लगद्यातून तेल काढायचे तर पेशीभित्तिका चिवट असल्याने आधी बारीक मण्यांच्या गिरणीत किंवा ध्वनिलहरींनी ती फोडावी लागते, मग द्रावकाने तेल विरघळवून घ्यावे लागते आणि शेवटी मिथेनॉल व अल्कली यांच्या साहाय्याने त्याचे बायोडिझेल व ग्लिसरीन असे दोन भाग करावे लागतात.

द्रावक म्हणून सर्रास वापरले जाणारे हेक्झेन ६९ अंशांना उकळते, त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. ठिणगीचे मोल तेरखेड्याला कोणी शिकवण्याची गरज नाही; तरीही गावोगावी छोटे तेलकाढणी प्रकल्प उभारण्याच्या सूचना परिषदेत येतील, तेव्हा ही बाब आधी विचारात घ्यावी.

पाण्याचा प्रश्न याहून कठीण आहे. ऐन उन्हाळ्यात दिवसाला १ सेंटिमीटर पाणी उडाले, तर १ हेक्टर कुंडातून रोज १ लाख लिटर पाणी हवेत जाते, आणि टँकरवर तहान भागवणाऱ्या गावाशेजारी असे कुंड भरून ठेवणे कोणालाही शोभणार नाही. त्यामुळे केवळ ऊन मुबलक आहे म्हणून मराठवाडा या पिकाला योग्य, हे म्हणणे अर्धवट आहे. आशा दिसते ती साखर कारखान्यांच्या आसवनीत. १ लिटर इथेनॉल तयार होताना सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, तर १ किलो शैवालाला तो पावणेदोन किलोच्या आसपास लागतो; शिवाय गाळप हंगाम थंडीत असतो आणि त्याच काळात बाष्पीभवनही कमी असते. जवळच्या चोराखळी येथील धाराशिव साखर कारखान्याने २०२१ मध्ये, करोनाच्या काळात, इथेनॉल प्रकल्पात फेरबदल करून प्राणवायू तयार केला होता, त्यामुळे कारखान्यांना अशी वळणे जमत नाहीत असे म्हणता येणार नाही. अडचणी अर्थात आहेतच: शैवाल वायू घेते दिवसा आणि आसवनी चालते रात्रंदिवस, आसवनीचे सांडपाणी पोषक असले तरी इतके काळपट असते की पातळ केल्याशिवाय त्यातून प्रकाश जात नाही, आणि पातळ करायला पुन्हा पाणीच लागते.

या परिस्थितीत तेल हे एकमेव उत्पन्न धरून प्रकल्प उभा राहणार नाही, असे स्वागत समितीचे स्पष्ट मत आहे. सांडपाण्याची शुद्धी आणि तेल काढल्यावर उरणाऱ्या चोथ्याचे खत किंवा बायोगॅस यांचीही किंमत ताळेबंदात धरली, तरच पुढे बोलता येईल. म्हणून सर्व अभ्यासकांना विनंती आहे की, प्रत्येक निबंधात तेलाच्या टक्केवारीबरोबर १ लिटर तेलामागे किती पाणी कायमचे खर्ची पडले आणि किती वीज व उष्णता लागली, हे दोन आकडे सभागृहापुढे ठेवावेत, आणि शेतकऱ्यांच्या प्रश्नांना परिषदेच्या दोन्ही दिवशी पुरेसा वेळ द्यावा.