फुल्यांनंतरचा सत्यशोधक समाज

सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात झाली. पंधरा वर्षांनी, १८८८ मध्ये, संस्थापक जोतीराव फुले यांना पक्षाघात झाला आणि उजवा हात निकामी झाला. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ त्यांनी डाव्या हाताने लिहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाल्यावर ते १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या पश्चात समाजाजवळ मोठा निधी नव्हता, सरकारचा आधार नव्हता आणि जोतीरावांच्या तोलाचा दुसरा माणूसही नव्हता. तरी चळवळ बुडाली नाही. याचे कारण एखाद्या वारसदारात शोधून सापडत नाही. काम फुल्यांच्या हयातीतच अनेक हातांत गेले होते.

त्यातले सर्वांत चिवट काम लग्नांचे. भटजीवाचून लग्न लावणे हा समाजाचा मुख्य आचार होता. व्याख्यानाला पुण्याचा पुढारी लागतो. लग्नाला गावातलेच चार कर्ते पुरतात. त्यामुळे पुढारी आजारी असो वा तुरुंगात, लग्नसराई आली की चळवळ पुन्हा उभी राही. दक्षिणा बुडाली म्हणून वतनदार जोशी कोर्टात गेले. जुन्नर तालुक्यातील ओतूरचे प्रकरण त्यांत विशेष गाजले. अशा दाव्यांचा एक परिणाम जोशांना अपेक्षित नसावा: खटला चालवायचा म्हटल्यावर गावातल्या सत्यशोधकांना एकत्र राहावेच लागले.

दुसरा धागा वर्तमानपत्राचा. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केले. ते चालवणे झेपेना, तेव्हा १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईला नेले. जागा बदलली तसे विषयही बदलले. घाटावरचा आणि कोकणातला शेतकरी गिरणीत शिरला होता. त्याचा प्रश्न आता भटजीइतकाच भोंग्याचाही होता. लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्याच लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्याचे नाकारले. सत्यशोधकी विचार कापडगिरणीत चालतो, हे त्यांनी दाखवले.

पुण्यात जोतीरावांच्या पत्नी सावित्रीबाईंनी धुरा उचलली होती. १८९३ मध्ये सासवडला भरलेल्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. १८९७ च्या प्लेगने दोघांनाही नेले: फेब्रुवारीत लोखंडे गेले आणि १० मार्चला, रुग्णांची सेवा करताना लागण होऊन, सावित्रीबाई. यानंतरची दहाबारा वर्षे पडतीची होती.

चळवळीला पुन्हा बळ आले ते कोल्हापुरातून, आणि तेही थोड्या आडवळणाने. वेदोक्त प्रकरणाने, म्हणजे वैदिक मंत्रांनी विधी करून घेण्याचा हक्क नाकारला गेल्याने, दुखावलेल्या शाहू महाराजांनी १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत रिक्त होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज स्थापन झाला. भास्करराव जाधव त्याचे अध्यक्ष होते. पण महाराजांना क्षत्रियांसाठी वेदोक्ताचा अधिकार हवा होता, तर फुल्यांना वेदांचे प्रामाण्यच मान्य नव्हते. हा विरोध मिटला नाही. कार्यकर्त्यांनी राजाश्रय घेतला आणि आपले विधीही चालू ठेवले. ही तडजोड फायद्याची ठरली, पण ती तडजोडच होती.

याच सुमारास खेड्यापाड्यांत जलसे फिरू लागले. बाज तमाशाचा, सावकारी, भिक्षुकी आणि अडाणीपणा हे विषय. वाचता न येणाऱ्यांपर्यंत चळवळ नेण्याचे काम प्रामुख्याने जलसेवाल्यांनी केले. सातारा जिल्ह्यात त्यांचा प्रभाव मोठा होता.

१९१९ च्या घटनात्मक सुधारणांनी कायदेमंडळाचे दार उघडले आणि या चळवळीशी जोडलेला ब्राह्मणेतर पक्ष निवडणुकीत उतरला. भास्करराव जाधव मुंबई सरकारात मंत्री झाले. पुढे पक्षाचे पुढारी केशवराव जेधे आणि त्यांचे अनेक सहकारी काँग्रेसकडे वळले. मतदारसंघ आले तसा शेतकरी जातींचा आवाज वाढला. स्त्रिया आणि अस्पृश्य, ज्यांच्यासाठी फुल्यांनी पहिल्या शाळा काढल्या होत्या, ते मात्र मागे पडले. प्रतिनिधित्व मिळाले हे खरे, पण त्यासाठी मोजलेली किंमत जड होती. अस्पृश्यांचे स्वतंत्र नेतृत्व डॉ. आंबेडकरांनी उभे केले, त्यामागे हेही एक कारण होते.

राजकारणाबाहेर राहिलेल्या दोघांचे काम अधिक टिकले. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह हा तिचा पाया. दुसरे मुकुंदराव पाटील, भालेकरांचे चिरंजीव. वडिलांचे पत्र मुंबईला गेले होते. मुलाने १९१० मध्ये ‘दीनमित्र’ काढले ते थेट खेड्यातून, आणि पुढे अहमदनगर जिल्ह्यातील तरवडीहून चालवले. छापखाना गावात, वर्गणीदार बहुतेक शेतकरी, पैशाची ओढाताण नेहमीची. राजे गेले, पक्ष फुटले, देश स्वतंत्र झाला. ‘दीनमित्र’ १९६७ पर्यंत, म्हणजे मुकुंदरावांच्या निधनापर्यंत, निघत राहिले.