कनातीमागचं छायाचित्र



गुढीपाडवा जवळ आला की नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. प्रत्येकीवर फडमालकाच्या नावाची पाटी असते. जुन्नर-आंबेगावचेच नव्हे, तर नगर-नाशिककडचे गावकरीही यात्रेची सुपारी द्यायला इथं येतात. तारीख ठरते, रक्कम ठरते, इसार दिला जातो. ज्यांच्यावाचून गावची यात्रा पुरी होत नाही, त्या कलावंतांना मात्र एरवी आपल्या ओसरीवर जागा नसते.

त्यांचे फोटो आपण काढतो ते रात्री, दिव्यांच्या झगमगाटात. माझ्या मते ते निम्मंच चित्र आहे. वग संपतो, कनात उतरते, ट्रक भरतात आणि फड पुढच्या गावाला लागतो. दुपारी तळावर जाऊन पाहा. ट्रकच्या सावलीत ढोलकीवाला झोपलेला असतो. पालाच्या दोरीवर रात्रीच्या नऊवारी वाळत असतात. रंगाच्या पेटीशेजारी भाजी निवडली जाते. बिगारी मात्र तेव्हाही खुंट्या ठोकत असतात, आणि त्यांचा फोटो तर कुणीच काढत नाही.

छायाचित्रकार संदेश भंडारे फडांबरोबर फिरले. ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे त्यांचं पुस्तक त्या फिरस्तीतून झालं. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रं काढली, तीही वर्षानुवर्षं त्यांच्यात जाऊनच. उभ्या-उभ्या जाऊन असं काम होत नाही. माणूस कॅमेऱ्याला सरावण्याआधी छायाचित्रकारानं माणसाला सरावावं लागतं.

याच नारायणगावच्या तमाशा कलावंत विठाबाई. 1957 आणि 1990 साली त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तरीही अखेरचे दिवस हलाखीत गेले, आणि 2002 साली त्या गेल्या. पुढे सरकारनं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. सत्काराचा फोटो काढायला गर्दी होते. म्हातारपणाचा, औषधाच्या चिठ्ठीचा फोटो काढायला कोण जातं? आणि 2020 आठवा. देशभर टाळेबंदी लागली तो दिवस पाडव्याचाच होता. यात्रा बंद, सुपाऱ्या बुडाल्या. अख्खा हंगाम हातचा गेला. त्या वर्षीच्या ओस राहुट्यांचं चित्र इतिहासात राहायलाच हवं.

येत्या पाडव्याला नारायणगावला जाल, तेव्हा कॅमेरा पिशवीतच राहू द्या. आधी बसा, चहा घ्या, विचारा. नको म्हणाले तर काढू नका. काढलात, तर त्यांना चालत असेल तेव्हा फोटोखाली त्यांचं नाव लिहा, फडातलं काम लिहा. नुसतं ‘तमाशा कलावंत’ लिहून भागवू नका. आणि एक छापील प्रत त्यांच्या हातात द्या. गावोगाव फिरणाऱ्या फडाला ती कुठं पोचवायची, ही अडचण नाही. पुढच्या पाडव्याआधी राहुट्या पुन्हा नारायणगावातच लागतात.