बाद झालेल्या गड्याची जागा

दीक्षान्त समारंभात ध्येय, परिश्रम आणि राष्ट्रसेवा यांविषयी पुष्कळ बोलले जाते, परंतु पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक स्नातकाच्या वाट्याला निश्चितपणे येणाऱ्या एका दिवसाचा, म्हणजे कामावर जाण्याची इच्छा असूनही अंगातील तापामुळे घरीच पडून राहावे लागणाऱ्या दिवसाचा, उल्लेख कोणी करीत नाही. आजारपण हे पराक्रमाच्या विरुद्ध टोकाला आहे अशी समजूत या मौनामागे असावी, आणि ती सर्वांत खोलवर रुजलेली आढळते ती महाविद्यालयाच्या संघातून कधीकाळी खेळलेल्या माणसात.

असा माणूस रायगड जिल्ह्यात सहज भेटतो. रामवाडी हे पेण शहराला लागून, मुंबई–गोवा महामार्गावर वसलेले ठिकाण असून राज्य परिवहन महामंडळाच्या रायगड विभागाचे कार्यालय तेथे आहे. तेथून खारेपाटात किंवा दक्षिणेला कुंडलिकेच्या काठावरील रोह्यापर्यंत गेल्यास भातकापणी आटोपलेल्या शेतांत आणि गावमैदानांत कबड्डीचे सामने भरलेले दिसतात, आणि या मुलखातील माजी महाविद्यालयीन खेळाडू म्हणजे बहुधा कबड्डीचाच गडी असतो. पदवीनंतर तो एस.टी.त, रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यात किंवा एखाद्या शाळेत नोकरीला लागतो. सराव सुटतो, वजन वाढते, पण शरीराविषयीची त्याची कल्पना विसाव्या वर्षापाशीच थांबलेली असते. एरवी कामाच्या गर्दीत झाकली जाणारी ही तफावत आजारपणाच्या दिवशी उघडी पडते, कारण त्या दिवशी आठवणींना भरपूर वेळ मिळतो, निदान रेषा ओलांडून केलेली चढाई, कोपरारक्षकाने घातलेली घोटा पकड आणि गुडघा सुजला असतानाही खेळून काढलेला अंतिम सामना हे सारे एकामागून एक डोळ्यांपुढे येते, आणि त्या सामन्यात जो बसला नाही तो साध्या तापाने का बसावा, असा प्रश्न मनात उभा राहतो.

ही आठवण अभिमानास्पद असली तरी वैद्य म्हणून ती भरवशाची नाही. रायगडसारख्या भाताच्या जिल्ह्यात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस हा रोग आढळतो. उंदीर व इतर जनावरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात आणि चिखलात आलेले जंतू त्वचेवरील जखमांतून शरीरात शिरल्याने तो होतो, आणि त्याचे एक ठळक लक्षण म्हणजे तापाबरोबर पोटऱ्यांचे स्नायू दुखणे. सामान्य माणूस हे दुखणे घेऊन दवाखाना गाठण्याची शक्यता असते. जुना खेळाडू मात्र पोटरीची कळ ओळखीची म्हणून तेल चोळून घेतो, आणि वेळीच सुरू झाल्यास प्रतिजैविकांनी बरा होणारा रोग मूत्रपिंडांपर्यंत पोहोचू देतो. ताप एक अंश सेल्सिअसने चढला की नाडीचे ठोके मिनिटाला साधारणपणे दहाने वाढतात, म्हणजे पडून राहिलेल्या माणसाचेही हृदय अधिक काम करीतच असते. काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाही दाह आणतात आणि अशा वेळी घाम गाळून ताप उतरवण्याचा प्रयत्न जिवावर बेतू शकतो.

याचा अर्थ पडून राहणे नेहमीच हितकर असते असा नव्हे, आणि या बाबतीत अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ साली झालेला प्रयोग विचारात घेण्यासारखा आहे. विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे सक्तीने अंथरुणावर ठेवले असता, तीव्र श्रमाच्या वेळी शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते याचे मोजमाप, म्हणजेच कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता, सुमारे एक चतुर्थांशाने घसरली. तीस वर्षांनंतर तेच पाच जण पुन्हा तपासले गेले तेव्हा वयामुळे झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी भरली, आणि सहा महिन्यांच्या क्रमाक्रमाने वाढवलेल्या व्यायामाने त्यांची ही क्षमता जवळजवळ पूर्वपदावर आली. पाच जणांवरील प्रयोगातून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे खरे, तथापि पन्नाशीच्या खेळाडूला आपले शरीर कायमचे गेले असे वाटते त्यात वयाचा दोष थोडा आणि सुटलेल्या सरावाचा मोठा असतो, एवढे त्यावरून म्हणता येते. तापाच्या दिवशी विश्रांती आणि ताप गेल्यावर हळूहळू हालचाल, हा क्रम म्हणूनच उलटा करता येत नाही.

विश्रांती ही स्वतःच्या निग्रहावर सोडून देण्याची बाब नाही, हे खाशाबा जाधव यांच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे हे मल्ल १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेले ते प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या सात हजार रुपयांच्या आधारावर, आणि तेथे जपानच्या शोहाची इशी यांच्याशी लांबलेली कुस्ती संपताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याविरुद्ध उतरावे लागले. दोन लढतींमध्ये नियमाने मिळावयाची अर्ध्या तासाची विश्रांती मागण्यासाठी भारतीय पथकाचा कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता, अशी हकिकत सांगितली जाते. खाशाबांनी कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले, आणि त्यांचे कौतुक योग्यच आहे. परंतु थकलेल्या मल्लाच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते ही उणीव त्या कौतुकात सहसा विसरली जाते.

बाहेर बसावे लागलेल्या गड्याने परत कसे यावे, हा प्रश्न कबड्डीच्या नियमांनी फार पूर्वी विचारात घेतलेला दिसतो. या खेळाचे तीन जुने प्रकार होते: ‘अमर’ प्रकारात बाद झालेला गडी मैदानातच राहून खेळत असे, ‘गामिनी’त तो बाहेर गेला की सगळा संघ बाद होईपर्यंत परत येत नसे, आणि ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा गडी बाद होताच बाहेर बसलेला गडी ज्या क्रमाने गेला त्या क्रमाने पुन्हा आत येत असे. आजच्या प्रमाणित खेळाने संजीवनीची पद्धत स्वीकारली, आणि नोकरीच्या जगाने मात्र बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन पद्धती धरून ठेवल्या, असे म्हणण्यास जागा आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेखाली येणाऱ्या पात्र कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, ही संजीवनीच होय. परंतु पेणच्या गणपतीच्या लहान कारखान्यांतील रोजंदारीवरचा कारागीर, किंवा लावणीला गेलेली मजूर बाई, बहुधा या कवचाबाहेर राहते, आणि तिच्या तापाचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी.

आज पदवी घेणाऱ्यांपैकी काही जण उद्या रजेच्या अर्जावर सही करणारे होतील, काही आगाराचे वेळापत्रक आखतील, काही स्वतःचा कारखाना चालवतील. त्यांनी आजारी माणसाला परत येण्याची तारीख विचारण्याआधी त्याने डॉक्टर गाठला का हे विचारावे, रोजंदारीवरच्या माणसाचा आजारपणाचा दिवस पगारी धरावा, आणि ज्यांनी विद्यापीठाच्या संघाचा गणवेश घातला आहे त्यांनी पुढच्या पावसाळ्यात तापासह पोटऱ्या दुखू लागल्यास त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्यावे.