पिस्तुलाचा नेम आणि लेसरचा ठिपका



२०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये मनू भाकर हिने पिस्तुलाच्या नेमबाजीत एक कांस्यपदक स्वतंत्रपणे आणि दुसरे सरबज्योत सिंग याच्या जोडीने मिळविले. त्याआधी २०१८ साली इंडोनेशियातील आशियाई खेळांत कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक आणले होते. तेव्हापासून हा खेळ आपल्या बोलण्यात आला आहे आणि त्याबरोबर एक शंकाही येते. पिस्तुलाला लेसर बसविला की लाल ठिपका पडेल तेथे गोळी जाणार. मग हे खेळाडू तो का वापरीत नाहीत? स्पर्धेत त्याला परवानगी असते काय?

सरळ उत्तर असे, की नसते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांप्रमाणे पिस्तुलावर फक्त उघडी नेमसाधने चालतात. दुर्बीण, आरसा, विजेच्या योगाने दिसणारा ठिपका, लेसरचा किरण, ही सारी वर्ज्य. खेळाडूने नंबरचा चष्मा लावावा, पण पिस्तुलाच्या नेमसाधनावर भिंग बसवू नये. म्हणजे डोळ्याचा दोष डोळ्यापाशी दूर करण्यास हरकत नाही. हत्याराला नवा डोळा देण्यास मात्र हरकत आहे.

ही बंदी म्हणजे जुन्या मंडळींचा हट्ट आहे काय? याचा निवाडा करण्यापूर्वी नेम धरणे म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे. पिस्तुलाच्या मागच्या अंगाला एक खाच असते आणि नळीच्या टोकाशी एक लहानसा उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. माशी खाचेच्या बरोबर मध्ये आणि दोन्हींचे माथे एका रेषेत, अशी स्थिती साधून चाप दाबायचा असतो. पिस्तूल एकाच हातात, आधाराशिवाय, हात लांब करून धरायचे. हात कोणाचाही असो, थोडासा हलतोच.

आता थोडे गणित करू. खाच आणि माशी यांत ३२ सेंटिमीटर अंतर आहे असे धरा. संपूर्ण पिस्तूल सरळच्या सरळ एक मिलिमीटर बाजूला सरकले, तर दहा मीटरवरील लक्ष्यावर चूक होते ती एकाच मिलिमीटरची. पण माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर ढळली, तर तीच चूक लक्ष्यापर्यंत पोहोचताना सुमारे तीन सेंटिमीटरांची होते. आणि दहा गुणांचे वर्तुळ केवढे? त्याचा व्यास अवघा साडेअकरा मिलिमीटर! म्हणून कसलेला नेमबाज आपली दृष्टी माशीवर खिळवितो आणि समोरचे काळे वर्तुळ अंधुक दिसू देतो. अर्जुनाला केवळ पक्ष्याचा डोळा दिसत होता, असे आपण लहानपणापासून ऐकले आहे. पिस्तूलवाल्याची साधना याच्या उलट आहे. त्याने पक्ष्याचा डोळा धूसर होऊ द्यायचा आणि आपल्या हातातल्या वस्तूकडे पाहायचे. सावज सोडून स्वतःकडे पाहणे फार कठीण. या खेळाचे सारे शिक्षण त्यातच आहे.

लेसर नेमके हेच काम काढून घेतो. नळीचे तोंड कोठे आहे हे ठिपकाच सांगतो. खाच आणि माशी जुळविण्याची गरज उरत नाही. हात स्थिर ठेवण्याची आणि चाप हळुवार दाबण्याची कसोटी शिल्लक राहते, हे खरे. पण दोन विद्यांपैकी एक यंत्राकडे गेली, तर स्पर्धा कशाची राहिली?

यावर कोणी म्हणेल, की हे विज्ञानाचे वैर झाले. तसे नाही. आधुनिक पंचक्रीडेत २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये छर्र्यांच्या जागी लेसर पिस्तूल आले. तेथे लेसर ही गोळी आहे, वाटाड्या नव्हे. किरण चाप दाबल्यावर सुटतो आणि नेम खेळाडूनेच धरायचा असतो. अमेरिकेतील काही जुन्या नेमबाजी स्पर्धांत आणि धावपळीच्या व्यावहारिक नेमबाजीच्या ठरावीक विभागांत काचेत लाल ठिपका दाखविणारी साधने चालतात. पण तो ठिपका नेमबाजाला काचेत दिसतो, लक्ष्यावर पडत नाही. दृष्टिहीनांच्या एअर रायफल स्पर्धेत तर नेम कानाने धरतात. लक्ष्याच्या मध्याकडे जावे तसा यंत्राचा सूर बदलत जातो. तेथे यंत्र नसेल तर खेळच नाही. म्हणून प्रत्येक खेळाने आधी ठरवावे लागते, की आपण माणसाचा कोणता गुण मोजणार आहोत. यंत्राला दार उघडायचे की लावायचे, ते त्यावरून ठरते.

पोहण्याच्या खेळात हे ठरविण्यास उशीर झाला. २००९ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत विशेष पोशाख घालून पोहणाऱ्यांनी ४३ विश्वविक्रम मोडले. विक्रम माणसाचा की कापडाचा, हे कोणालाच सांगता येईना. शेवटी २०१० पासून ते पोशाख बंद करावे लागले.

याउलट पॅरिसमध्ये काय दिसले? तुर्कस्तानचा युसूफ डिकेच साधा चष्मा लावून, एक हात खिशात घालून उभा राहिला आणि मिश्र सांघिक स्पर्धेत रौप्यपदकाचा वाटेकरी झाला. साऱ्या जगाला त्याचे कौतुक वाटले. त्याच्या पिस्तुलावर लाल ठिपका टाकणारे यंत्र असते, तर त्याच्या चित्रापाशी कोण थांबले असते?

आम्हांस वाटते, की हा प्रश्न केवळ नेमबाजांचा नाही. पोलिसाच्या पिस्तुलाला लेसर असला तर आमची तक्रार नाही; तेथे काम तडीस जाणे महत्त्वाचे. दुकानदाराने गणकयंत्रावर बेरीज करावी. पण पाढे शिकणाऱ्या मुलाच्या हाती तेच यंत्र दिले तर बेरीज बरोबर येईल आणि मूल कोरे राहील. काही अडचणी दूर करण्यासाठी असतात, काही माणूस घडविण्यासाठी राखाव्या लागतात. घरोघरी यंत्रे येत असताना या दोहोंतला भेद ओळखणे, हे आजच्या आईबापांचे आणि शिक्षकांचे मोठे काम आहे. खेळाच्या नियमांचे पुस्तक तो भेद स्पष्ट अक्षरांत लिहून ठेवते. संसारात तो ज्याचा त्याला करावा लागतो.