फॉलोअर किती आणि गिऱ्हाईक किती?

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



"तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस ना, मग आमच्या धंद्याचं इन्स्टाग्राम जरा बघ की!" हे वाक्य आपल्या ग्रुपमधल्या इतक्या जणांनी मला ऐकवलं, की शेवटी संयोजकांनी मला इथेच उभं केलं. आपल्या वर्गात कुणाची आंब्याची बाग आहे, कुणाचं होमस्टे, कुणाचा क्लास, कुणाचे घरगुती मसाले. मी काही जाहिरात क्षेत्रातली नाही. पण ही यंत्रं आतून कशी चालतात, हे माझ्या कामामुळे थोडंफार कळतं. तेवढंच सांगते.

पहिली गोष्ट. तुमचे पाच हजार फॉलोअर असले तरी तुमची पोस्ट पाच हजार जणांना दिसत नाही. कुणाला काय दाखवायचं हे यंत्र ठरवतं. लोक कशावर थांबतात, काय दुसऱ्याला पाठवतात, कुणाशी बोलतात, यावरून ते अंदाज बांधतं. म्हणून पैसे देऊन फॉलोअर विकत घेऊ नका. ती माणसं तुमच्या पोस्टवर थांबणारच नाहीत, आणि यंत्र समजेल की ही पोस्ट कुणाला नकोच आहे.

दुसरी गोष्ट. ही जागा आपल्या मालकीची नाही. जानेवारी २०१८मध्ये फेसबुकने जाहीर केलं, की यापुढे धंद्यांच्या पानांपेक्षा मित्र आणि नातेवाईक यांच्या पोस्ट आधी दिसतील. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि लाखोंचे फॉलोअर असलेल्यांचं दुकान एका रात्रीत बंद झालं. भाड्याच्या गाळ्यात धंदा जरूर करावा, पण गिऱ्हाइकांची वही आपल्या घरी असावी. नाव, फोन, गाव, मागच्या वर्षी काय घेतलं, एवढं लिहिलेली साधी वही किंवा एक्सेलचा तक्ता पुरतो.

आता एक उदाहरण. ते आपल्याच वर्गातलं आहे. ती समोरच बसली आहे आणि नाव घ्यायचं नाही असं तिनं मला बजावलंय.

तिच्या घरची हापूसची बाग. आंबा पूर्वी सगळा वाशीला दलालाकडे जायचा. मुलगा शिकून गावात राहायला तयार होता, पण दलालाची पट्टी आल्यावर हातात जे उरायचं त्यात दोन कुटुंबं चालत नव्हती. म्हणून तिनं मुंबई-पुण्यात थेट घरपोच पेट्या द्यायचं ठरवलं. सुरुवातीला ती काय टाकायची? सणांच्या शुभेच्छा, पाठीमागे आंब्याचं चित्र आणि "त्वरा करा". कुणी त्वरा केली नाही.

मग आम्ही दोघींनी एक साधं काम केलं. प्रत्येक ऑर्डरसमोर एक रकाना ठेवला : "आमच्याबद्दल कुठून कळलं?" हंगाम संपल्यावर तो रकाना वाचला. मोहोराचं एक रील खूप दूरवर गेलं होतं, त्यावर हृदयांचा पाऊस पडला होता, पण त्यातून पेट्या फारशा गेल्याच नव्हत्या. बघणारे बरेचसे अशा शहरांतले, जिथं तिची गाडी जातच नाही. ऑर्डर आल्या त्या जुन्या गिऱ्हाइकानं व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवलेल्या निरोपांमधून आणि एका अगदी साध्या व्हिडिओमधून.

त्या व्हिडिओत तिनं साका झालेला आंबा कापून दाखवला होता. ती म्हणाली, "बाहेरून हा चांगलाच दिसतो. कापल्याशिवाय आम्हालाही कळत नाही. तुमच्या पेटीत निघाला तर फोटो पाठवा, तेवढे आंबे पुढच्या पेटीत जास्त घालीन." खाली प्रश्नांची रांग लागली. आढी कशी घालता? कार्बाइड वापरता का? पिकलेला आंबा फ्रिजमध्ये ठेवायचा का? तिनं रोज रात्री बसून एकेका प्रश्नाला उत्तर दिलं. पुढच्या व्हिडिओंचे विषय तिला त्या प्रश्नांतच मिळाले.

या सगळ्याची खरी परीक्षा अवकाळी पावसानं घेतली. आगाऊ पैसे घेतलेले, आणि फळ गळून गेलेलं. एका व्यापाऱ्यानं सुचवलं, परराज्यातला आंबा मिसळून पेट्या भर, कोणाला कळतंय? कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण फसवायचं ठरवलं तर पेटीवरचा शिक्का काय करणार? हिनं बागेत उभं राहून गळलेल्या फळांचा फोटो काढला आणि वहीतल्या प्रत्येकाला नावानं निरोप पाठवला : "आंबा उशिरा येईल, कमी येईल. थांबणार असाल तर थांबा, नाहीतर पैसे आजच परत करते." काहींनी पैसे मागितले, तिनं त्याच दिवशी दिले. बहुतेक जण थांबले. मुलगा अजून गावातच आहे आणि बागेचा हिशेब आता तोच बघतो.

बाई, तुम्ही हजेरी घेताना नुसते आकडे मोजत नव्हता. शेवटच्या बाकावरचा मुलगा दोन दिवस दिसला नाही तर घरी निरोप जायचा. मार्केटिंगवाले ज्याला 'एंगेजमेंट' म्हणतात, ते मला तरी याहून वेगळं वाटत नाही.

शाळेत उभी आहे, तर गृहपाठ दिल्याशिवाय कशी बसू?

एक, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या. त्यात माल, भाव आणि वेळ नीट भरा. "भावासाठी इनबॉक्स करा" असं लिहू नका, भाव लिहा. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच तो निरोप पोचतो. म्हणून पहिल्या ऑर्डरलाच तशी विनंती करा.

दोन, आठवड्यातून दोनदाच टाका, पण तुमच्या कामातलं खरं काही तरी टाका. मसाला भाजताना मिरची कोणती आणि का, हे तुमच्याइतकं दुसरं कोण सांगणार? आलेल्या प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर द्या.

तीन, "कुठून कळलं?" हा रकाना ठेवा आणि हंगामाच्या शेवटी तो वाचा. लाइक मोजण्यात घालवलेला वेळ तिथं घाला.

आणि एक विनंती. आपल्या वर्गाच्या ग्रुपवर रोज जाहिराती टाकू नका. तिथं आपण एकमेकांचे गिऱ्हाईक नाही. पण एखाद्याचा माल घेतला आणि आवडला, तर दोन ओळी आपल्या ओळखीच्यांना जरूर पाठवा. त्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा तेच उत्तर होतं : "मैत्रिणीनं सांगितलं."