मैदानाचा आराखडा मुलांच्या हाती
(शिक्षक-पालक मेळाव्यातील भाषण)



१९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाच्या कार्याला आरंभ केला. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांना बोल न लावता या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबादच्या टेकडीवर आदिवासी मुले गुरे राखण्यासाठी रानात जात, म्हणून शाळाही त्यांच्यामागे गेली आणि कुरणशाळा उभी राहिली. खडे, पाने, बिया, शिंपले हीच शिक्षणाची साधने ठरली. शाळेची जागा कोठे असावी, हे तेथे मुलांच्या जीवनक्रमाने ठरवले.

या दृष्टीने आजच्या प्राथमिक शाळेच्या मैदानाकडे पाहावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरवले. परंतु त्या जागेवर काय असावे, याचा विचार बहुधा मोठी माणसेच करतात. देणगी मिळते, घसरगुंडी येते, सिमेंटचे ससे बसतात, भिंतीवर सुविचार रंगवले जातात. जी मुले तेथे रोज वावरतात, त्यांना मात्र कोणी विचारत नाही.

वास्तविक त्या जागेचे खरे जाणकार तीच असतात. पावसाळ्यात पाणी कोठे साचते, मधल्या सुट्टीत सावली कोठे असते, मुंगळ्यांचे वारूळ कोणत्या कोपऱ्यात आहे, कोणत्या ठिकाणी मोठी मुले लहानांना फिरकू देत नाहीत, हे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असते. ते ज्ञान वर येण्यासाठी थोडी योजना हवी. मुलांसह मैदानात फेरी मारावी. आवडती आणि भीतिदायक ठिकाणे त्यांनीच दाखवावीत. सकाळी, दुपारी आणि सायंकाळी सावलीची कड खडूने किंवा चुन्याने आखावी. तिसरी-चौथीच्या मुलांनी मीटरपट्टीने मापे घेऊन चौकटीच्या कागदावर नकाशा काढावा. लहानांनी माती, काड्या व खडे यांची प्रतिकृती करावी. गणित, भूगोल आणि भाषा यांचा अभ्यास त्यातच घडतो. मते घेताना उच्च स्वरात बोलणाऱ्यांचेच ऐकले जाऊ नये, म्हणून प्रत्येकाने आपल्या पसंतीच्या प्रतिकृतीपाशी एक खडा ठेवावा. क्रिकेटने संपूर्ण मैदान व्यापले असता कडेला उभ्या राहणाऱ्या मुलींनाही त्यामुळे समान मत मिळते.

येथे एक धोका आहे. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. मुलांचा केवळ वापर करणे, त्यांना शोभेसाठी उभे करणे आणि नाममात्र विचारणे, या खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलेच नाही. चित्रे काढून घ्यायची, समारंभात टाळ्या मिळवायच्या आणि काम मात्र आधीच ठरल्याप्रमाणे करायचे, यापेक्षा न विचारणे बरे. विचारून न ऐकण्याने मूल एकच धडा घेते: मोठ्यांचे विचारणे खोटे असते. तो धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक काळ टिकतो.

म्हणून मर्यादा आधीच स्पष्ट सांगाव्यात. विहिरीजवळ खेळ नाही, विजेच्या तारांखाली झाड नाही, पैसे इतकेच आहेत. या मर्यादांच्या आत मुलांचा निर्णय शाळेने पाळावा. तो पाळणे अशक्य झाले, तर कारण त्यांच्यासमोर मांडावे. पहिले काम लहान आणि लवकर होणारे असावे: झाडाभोवती मातीचा ओटा, पक्ष्यांसाठी पाण्याचे भांडे, पाणी वाहून नेणारा चर. चौथीतल्या मुलाला दोन वर्षे थांबायला सांगणे म्हणजे नकारच. तोवर ते शाळा सोडून गेलेले असते. शिवाय एक कोपरा मुद्दाम मोकळा ठेवावा, कारण पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांनाही काही ठरवायचे असते.

ओटा थोडा वाकडा होईल, लावलेली रोपे काही जळतील. परंतु ती का जळली, याचा शोध घेणारी मुले त्याच मैदानावर तयार होतील. स्वतः आखलेल्या जागेची निगा राखण्यास कोणी सांगावे लागत नाही. सार्वजनिक वस्तू आपली आहे, हा संस्कार उपदेशाने क्वचितच रुजतो; लहान हातांवर खरी जबाबदारी सोपवली, म्हणजे तो सहज रुजतो.