मांजर दुखणे सांगत नाही

गाय आजारी पडली की सारे घर जागे होते. मांजराचे तसे नाही. ते उंदीर मारते, चुलीपाशी निजते. त्याच्याकडे बघतो कोण? आम्हीही बघत नव्हतो.

आमच्या घरी एक बोका होता. एके दिवशी तो सारखा परसातल्या मातीत जाऊ लागला. बसायचा, कुंथायचा, उठायचा. पुन्हा बसायचा. आम्हांला वाटले, पोट साफ होत नाही. थोडे एरंडेल पाजले. दुसऱ्या दिवशी तो ओकला आणि कणगीमागे जाऊन पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी मेला.

पुढे गुरांच्या डॉक्टरांनी सांगितले, त्याची लघवी अडली होती. बोक्याची मूत्रनळी फार बारीक असते. तीत खडा किंवा कण अडकला की लघवी तुंबते, तिचे विष अंगात भिनते. दोन-तीन दिवसांत जनावर हातचे जाते. त्याच दिवशी आणला असता तर नळी घालून लघवी काढता आली असती. खूण आमच्या डोळ्यांपुढे होती. आम्ही ती चुकीची वाचली.

मांजर दुखणे लपवते. ते ओरडत नाही, कोपरा धरते. रोज पायांत घोटाळणारे मांजर हाक मारूनही येईना, म्हणजे काहीतरी बिघडले. अंग चाटणे थांबले की केस पिंजारतात. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा वर येतो. ओठ उचलून हिरड्या बघाव्या. गुलाबी असल्या तर ठीक. पांढऱ्या किंवा पिवळ्या दिसल्या तर गुरांचा दवाखाना गाठावा. निजलेल्या मांजराचा श्वास मोजावा. पोट एकदा वरखाली झाले की एक. मिनिटाला ३० च्या वर जाऊ लागला तर डॉक्टरांना दाखवावे. तोंड उघडून धापा टाकत असेल तर मोजत बसूच नये.

खाणे सोडले तर लोक हसतात, म्हणतात मांजराची एकादशी! पण दोन-तीन दिवस उपास घडला, तर लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठते नि ते दगावते. आपली तापाची गोळी, पॅरासिटामॉल, त्याला कधी देऊ नये. एका गोळीनेही मांजर मरू शकते.

गरीब मांजर एकाएकी अंगावर धावू लागले तर धरायला जाऊ नका. ते पिसाळलेले असू शकते. चावले, ओरबाडले तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि लगेच लस घ्यायला दवाखान्यात जा.

सध्या आमच्याकडे एक भाटी आहे. परवा तिने दुधाला तोंड लावले नाही. आम्ही हिरड्या पाहिल्या, श्वास मोजला. २४ भरला. मग शेजारच्या काकू आल्या नि म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या मांजरीने आमचे बोंबील खाल्ले हो!"